पिस्तुलाची अचूकता किती रुपयांची?

स्पर्धेच्या पिस्तुलावर होणारा जादा खर्च कोठे वसूल होतो आणि कोठे वाया जातो, याचा लेखाजोखा

द्वारका (नाशिक), प्रतिनिधी - मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जेथे एकमेकांना मिळतात, त्या द्वारका चौकातून नाशिकच्या नेमबाजांचे दोन मोठे प्रवास सुरू होतात. एक पुण्याच्या बालेवाडी येथील शिवछत्रपती क्रीडासंकुलाकडे, तर दुसरा मुंबईच्या वरळी रेंजकडे. या प्रवासाला निघालेल्या मुलामुलींच्या पेटीत बहुधा परदेशी बनावटीचे एअर पिस्तूल असते आणि त्यांच्या पालकांच्या मनात एकच प्रश्न असतो. गुण एका जागी अडकले आहेत. आता पिस्तुलात सुधारणा करावी, की नवे घ्यावे, की यातले काहीच करू नये?

हा प्रश्न नाशिकला नवा नाही. भारतीय पोलीस सेवेतून निवृत्त झालेले क्रीडा मानसतज्ज्ञ भीष्मराज बाम (निधन २०१७) यांनी याच शहरात राहून अनेक नेमबाजांना मार्गदर्शन केले. राष्ट्रीय पिस्तूल संघाच्या प्रशिक्षकवर्गात काम केलेल्या मोनाली गोऱ्हे (निधन २०२१) याच शहरातल्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझपदक मिळविणारा कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याच्या जडणघडणीची काही वर्षेही नाशिकमध्येच गेली. शहराला नेमबाजीची सवय आहे. त्यामुळे येथे दर हंगामात कोणी ना कोणी लाखाचा हिशेब मांडत असतो.

या हिशेबाचे उत्तर थोडक्यात असे : चांगल्या स्थितीतील स्पर्धेचे पिस्तूल बहुतेक नेमबाजांपेक्षा मुळातच कितीतरी अधिक अचूक असते. म्हणून पिस्तुलाची ‘अचूकता’ वाढविण्यासाठी केलेला खर्च नवोदिताला जवळजवळ काहीच देत नाही. हात, डोळा आणि पिस्तूल यांचा मेळ बसविणारा खर्च मात्र, तो थोडा असला तरी, गुणफलकावर दिसतो. हे असे का, ते समजण्यासाठी आधी लक्ष्याचे माप पाहावे लागते.

दहाचे वर्तुळ केवढे?

दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात लक्ष्यावरील दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. म्हणजे शर्टाच्या साध्या बटणाएवढा. नऊचे वर्तुळ २७.५ मिलिमीटरचे. छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्याची कड वर्तुळाच्या रेषेला नुसती स्पर्शून गेली, तरी वरचा गुण मिळतो. याचा अर्थ असा, की छऱ्याचा मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरपर्यंत ढळला तरी दहा गुण पदरात पडतात. १६ मिलिमीटरपर्यंत ढळला तर नऊ, २४ पर्यंत आठ. प्रत्येक गुण म्हणजे ८ मिलिमीटर, हे सूत्र ध्यानात ठेवले की पुढचा सारा हिशेब सोपा होतो.

पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० फैरी झाडायच्या असतात आणि कमाल गुण ६०० असतात. या फेरीत पूर्णांकातच गुण मोजले जातात. अंतिम फेरीत मात्र दशांश गुणांचा हिशेब होतो आणि एका फैरीला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात. हा फरक महत्त्वाचा आहे. पात्रता फेरीत केंद्रापासून १ मिलिमीटरवर लागलेला छर्रा आणि ७ मिलिमीटरवर लागलेला छर्रा यांची किंमत सारखीच. अंतिम फेरीत ती सारखी राहत नाही. त्यामुळे पिस्तुलातील सूक्ष्म सुधारणेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो अंतिम फेरीच्या दारात पोचलेल्यांपुढे.

कारखान्यातून मिळते काय?

श्टायर, मोरिनी, वाल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ ही स्पर्धेच्या एअर पिस्तुलांतील प्रमुख नावे. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, जर्मनी आणि इटली या देशांत ती तयार होतात. सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने भरलेली हवा छऱ्याला सेकंदाला साधारण १५० मीटरचा वेग देते. अशा पिस्तुलासोबत बहुधा एक छोटे कागदी लक्ष्य येते. पिस्तूल शिकंजात घट्ट आवळून दहा मीटरवरून काही फैरी झाडलेल्या असतात आणि कागदावर एकच, किंचित कडा फाटलेले छिद्र दिसते. पाच छर्रे जवळजवळ एकाच जागेतून गेलेले असतात.

शिकंजातील पिस्तुलाने दहाचे वर्तुळ चुकविण्याचा प्रश्नच येत नाही. तेच पिस्तूल माणसाच्या हातात आले की फैरी सात, आठ, नऊवर जाऊ लागतात. मधल्या अंतरात पिस्तूल बदललेले नसते.

चूक नेमकी कोठे होते?

पिस्तुलाच्या नळीच्या टोकाला पुढची माशी असते आणि मागे खाच. दोहोंमधील अंतर एअर पिस्तुलात साधारण ३२० मिलिमीटर धरू. दहा मीटर म्हणजे या अंतराच्या सुमारे ३१ पट. म्हणून माशी खाचेच्या मध्यापासून एक दशांश मिलिमीटर सरकली, तर लक्ष्यावर छर्रा ३ मिलिमीटर ढळतो. पाव मिलिमीटर सरकली तर जवळजवळ ८ मिलिमीटर, म्हणजे पुरा एक गुण. एक मिलिमीटर सरकली तर चार गुण गेले.

याउलट माशी आणि खाच एका रेषेत राहिली आणि सारा हातच ५ मिलिमीटर डावीकडे गेला, तर छर्राही केवळ ५ मिलिमीटर डावीकडे जातो. दहाचा गुण शाबूत राहतो. हात हलतो म्हणून नवोदित घाबरतो; वास्तविक हात सर्वांचाच हलतो. गुण जातात ते चाप ओढताना मनगट वळल्यामुळे, बोटाने पिस्तूल बाजूला लोटल्यामुळे किंवा नजर माशीवरून लक्ष्याकडे पळाल्यामुळे.

आता नेमबाजाची चूक आणि पिस्तुलाची चूक एकत्र कशी होते, ते पाहू. या दोन चुकांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींचा वर्ग करून बेरीज करायची आणि तिचे वर्गमूळ काढायचे, असा संख्याशास्त्राचा नियम आहे. समजा, नेमबाजाच्या हातामुळे होणारे विचलन १० मिलिमीटर आणि पिस्तूल व छऱ्यामुळे होणारे २ मिलिमीटर. एकूण विचलन १२ नव्हे, तर १०.२ मिलिमीटर भरते. मोठा खर्च करून पिस्तुलाचे विचलन निम्म्यावर, म्हणजे १ मिलिमीटरवर आणले, तर एकूण विचलन १०.०५ होते. फायदा ०.१५ मिलिमीटरचा. एका गुणाच्या आठ मिलिमीटरांपुढे हा पन्नासावा हिस्साही नाही. त्याच नेमबाजाने सरावाने स्वतःचे विचलन १० वरून ८ वर आणले, तर जुन्या पिस्तुलानेही एकूण विचलन ८.२५ वर येते. फायदा जवळजवळ दोन मिलिमीटर.

चित्राला दुसरी बाजूही आहे. ज्याच्या हाताचे विचलन ४ मिलिमीटरवर आले आहे, अशा अव्वल नेमबाजाला हीच सुधारणा ४.४७ वरून ४.१२ वर नेते. त्याच्या पातळीवर दोन गुणांनी अंतिम फेरी हुकते आणि तेथे तिसऱ्या दशांशाचाही भाव होतो. म्हणजे सुधारणा निरर्थक नसते. ती कोणाच्या हातात आहे यावर तिची किंमत ठरते.

वसूल होणारा खर्च

पहिला मान छऱ्यांचा. एकाच नळीतून एका प्रकारचे छर्रे एकाच छिद्रात जातात आणि दुसऱ्या प्रकारचे पसरतात. छऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.४८, ४.४९, ४.५० मिलिमीटर अशा सूक्ष्म फरकाने मिळतो आणि नळीला कोणता मानवतो, हे पिस्तूल शिकंजात धरून झाडल्याशिवाय कळत नाही. वरच्या हिशेबात न मानवणाऱ्या छऱ्यांमुळे पिस्तुलाचे विचलन २ ऐवजी ६ मिलिमीटर झाले असे धरले, तर दहा मिलिमीटरच्या नेमबाजाचे एकूण विचलन ११.७ वर जाते. छर्रे बदलले की दीड मिलिमीटर परत मिळतो, तोही पिस्तुलाचा एकही स्क्रू न फिरवता. सरावासाठी स्वस्त आणि स्पर्धेसाठी चाचणी करून निवडलेले, एकाच बॅचचे छर्रे ठेवण्याची पद्धत यातूनच आली आहे.

दुसरी मूठ. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ हाताच्या आकाराची असते. परंतु हात सगळ्यांचे सारखे नसतात. मूठ मोठी असेल, तर चापावर बोटाचे पेर बरोबर बसत नाही आणि प्रत्येक फैरीला पकड थोडी वेगळी पडते. लहान, मध्यम, मोठी यांपैकी योग्य माप निवडणे, अडणारी जागा कानशीने आणि पॉलिश पेपरने उतरविणे, पोकळ जागी लाकडाची लुगदी भरणे, एवढ्याने पकड दरवेळी तीच राहू लागते. डोळे मिटून पिस्तूल उचलावे, लक्ष्याकडे धरावे आणि डोळे उघडावेत. माशी खाचेत मधोमध दिसली, तर मूठ हाताला बसली. ही कसोटी फुकट आहे. मूठ घडविण्याचे काम मात्र अनुभवी प्रशिक्षकाच्या नजरेखालीच व्हावे; कारण उतरवलेले लाकूड परत चढत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मुठीने मनगटाला आधार देता कामा नये, हेही पाहावे लागते.

तिसरा चाप. एअर पिस्तुलाच्या चापाचे वजन किमान ५०० ग्रॅम असलेच पाहिजे. या मर्यादेच्या आत चापाची पहिली चाल, दुसरा टप्पा आणि थांबा हे सारे पिस्तुलावरील स्क्रूंनीच जुळविता येते. त्यासाठी निराळा चाप विकत घ्यावा लागत नाही. कित्येक पिस्तुलांचे चाप खरेदीनंतर कधी जुळवलेलेच नसतात. बॅटरीवर चालणारा इलेक्ट्रॉनिक चाप अधिक एकसारखा सुटतो, हे खरे. तथापि यांत्रिक चापावर नीट न ओढता येणारे बोट इलेक्ट्रॉनिक चापावरही तसेच ओढते.

चौथा डोळा. नेमबाजाने नजर माशीवर रोखायची असते. लक्ष्य धूसर दिसले पाहिजे. हाताच्या अंतरावरील माशी स्पष्ट दिसत नसेल, तर कोणतीही नळी उपयोगाची नाही. नेत्रतज्ज्ञाला माशीचे अंतर मोजून सांगितले, तर त्या अंतराचा नंबर काढून मिळतो. साधी नेत्रतपासणी ही साऱ्या सुधारणांत सर्वांत स्वस्त ठरते. माशीची रुंदी आणि खाचेची रुंदी आपल्या नजरेला मानवेल अशी ठेवणे हाही याच कामाचा भाग. बहुतेक पिस्तुलांत खाचेची रुंदी स्क्रूने बदलता येते.

पाचवी देखभाल. हवा अडवून धरणारी रबरी कडी झिजली, की हवेचा दाब आणि छऱ्याचा वेग दर फैरीला बदलू लागतो. ती वेळेवर बदलावी लागतात. सिलिंडरवर निर्मितीची तारीख असते आणि उत्पादक सर्वसाधारणपणे दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेले सिलिंडर वापरणे धोक्याचे. वापरलेले पिस्तूल घेताना पालक बहुधा नळीत डोकावून पाहतात. पहिली नजर सिलिंडरच्या तारखेकडे जायला हवी.

वाया जाणारा खर्च

उत्तम कंपनीच्या पिस्तुलाची नळी काढून दुसरी बसविणे, नळीला घरगुती पॉलिश करणे, माहिती नसताना आतल्या स्प्रिंग बदलणे, या गोष्टींनी नवोदिताचे गुण वाढत नाहीत. पिस्तूल बिघडण्याची शक्यता मात्र वाढते. चापाची स्प्रिंग हलकी केली आणि तपासणीत चापाने ५०० ग्रॅमचे वजन उचलले नाही, तर स्पर्धेतून बाद होण्याची वेळ येते. ही तपासणी स्पर्धेनंतरही अचानक होते.

नळीखाली बसवायच्या वजनांचेही असेच. पुढे वजन वाढविले की पिस्तूल स्थिर वाटते, पण खांदा लवकर दमतो. एअर पिस्तुलाचे वजन कमाल १५०० ग्रॅम असू शकते. चौदा वर्षांच्या मुलाने ते गाठण्याची गरज नसते. साठाव्या फैरीला हात जसा पहिल्या फैरीला होता तसाच राहील, तेवढेच वजन योग्य.

सर्वांत मोठा वाया खर्च म्हणजे चालू स्थितीतील स्पर्धेचे पिस्तूल विकून त्याच दर्जाचे नवे मॉडेल घेणे. नव्या मॉडेलमध्ये धक्का शोषणारी रचना सुधारलेली असते, वजनाचा तोल बदललेला असतो. त्यांचा अनुभव सुखद असतो आणि त्यामुळे पहिले काही दिवस गुणही वाढतात. त्यात नव्या वस्तूचा उत्साह किती आणि सुधारणा किती, हे दोन-तीन महिन्यांच्या गुणवहीवरूनच ठरवावे. गुणवही नसेल तर ते कधीच ठरत नाही.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचा ५१ वर्षांचा नेमबाज युसूफ दिकेच साधा चष्मा घालून, एक हात खिशात ठेवून उभा राहिला आणि दहा मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक प्रकारात शेव्वाल इलायदा तरहान हिच्यासह रौप्यपदक घेऊन गेला. ते छायाचित्र जगभर फिरले आणि ‘साधने लागतच नाहीत’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो अर्धाच खरा आहे. दिकेचने भिंगे आणि झापडे वापरली नाहीत. पिस्तूल मात्र स्पर्धेच्याच जातीचे होते. २००८ पासूनच्या पाच ऑलिंपिकचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. खिशातला हात सर्वांना दिसला. त्यामागची वर्षे छायाचित्रात मावली नाहीत.

अचूकतेपेक्षा भरवसा

पिस्तुलावर पैसा कोठे खर्चावा, याचा सर्वांत कठोर धडा भारताला २५ जुलै २०२१ रोजी टोकियोत मिळाला. महिलांच्या दहा मीटर एअर पिस्तूल पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर ऐन फेरीत तुटला. दुरुस्तीसाठी रेंज सोडावी लागली आणि घड्याळ चालूच राहिले. परतल्यावर उरलेल्या फैरी घाईने उरकाव्या लागल्या. तिचे ५७५ गुण झाले आणि ती बाराव्या स्थानावर राहिली. अंतिम फेरीची सीमा ५७७ होती. दोन गुण, म्हणजे दहाऐवजी नऊवर गेलेल्या दोन फैरी. ज्या पिस्तुलाने हे घडले, त्याच्या अचूकतेत काहीही उणे नव्हते.

तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने वैयक्तिक आणि सरबज्योतसिंगसह मिश्र सांघिक, अशी दोन ब्राँझपदके मिळविली. टोकियोच्या प्रसंगाचा अर्थ मात्र पदकांनी पुसला जात नाही. स्पर्धेपूर्वी पिस्तुलाची कसून तपासणी, झिजणाऱ्या भागांची आगाऊ बदली, चापाची ताजी बॅटरी, भरलेले जादा सिलिंडर आणि शक्य असल्यास त्याच मुठीचे, आपल्या नजरेला जुळविलेले दुसरे पिस्तूल, हा खर्च ‘अचूकतेवरचा’ म्हणून कोणी मोजत नाही. गुणांच्या हिशेबात तोच सर्वांत मोठा ठरू शकतो.

राहीने पैसा कोठे लावला?

महाराष्ट्राच्या पिस्तूल नेमबाजीत कोल्हापूरच्या राही सरनोबतचे नाव अग्रभागी आहे. २०१३ मध्ये कोरियातील चांगवॉन येथे २५ मीटर पिस्तूल प्रकारात तिने विश्वकरंडकाचे सुवर्ण जिंकले. ही कामगिरी करणारी ती पहिली भारतीय पिस्तूल नेमबाज. त्यानंतर कोपराच्या दुखापतीने तिची काही वर्षे घेतली. पुनरागमनाच्या काळात तिने मंगोलियात जन्मलेल्या आणि पुढे जर्मनीकडून खेळलेल्या मुंखबायर दोर्जसुरेन यांना वैयक्तिक प्रशिक्षक म्हणून नेमले. दोर्जसुरेन यांनी १९९२ आणि २००८ च्या ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात ब्राँझपदके मिळविलेली.

२२ ऑगस्ट २०१८ रोजी पालेम्बांग येथे आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम फेरीत राही आणि थायलंडची नफस्वान यांगपाइबून यांची ३४-३४ अशी बरोबरी झाली. पहिल्या शूट-ऑफमध्येही बरोबरी सुटली नाही. दुसऱ्यात राहीने बाजी मारली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. शूट-ऑफमध्ये दोघींच्या हातांत जागतिक दर्जाची पिस्तुले होती. निर्णय त्यांच्यात झाला नाही. पैसा प्रशिक्षणावर लावण्याचा निर्णय किती योग्य होता, ते त्या दिवशी दिसले.

पॉइंट टू-टूची गोष्ट थोडी वेगळी

पंचवीस मीटरच्या प्रकारांत ०.२२ बोअरचे काडतुसाचे पिस्तूल असते. येथे माशी आणि खाच यांतील अंतर कमाल २२० मिलिमीटर ठेवता येते. पंचवीस मीटर म्हणजे त्याच्या ११३ पट. एक दशांश मिलिमीटरची चूक लक्ष्यावर ११ मिलिमीटर होते. दहाचे वर्तुळ मात्र संथ फेरीत ५० आणि जलद फेरीत १०० मिलिमीटरचे असते. म्हणजे पिस्तुलाच्या अचूकतेला येथेही भरपूर जागा आहे. फरक पडतो तो काडतुसांचा. कोणत्या काडतुसाने पिस्तूल अडखळत नाही आणि कोणत्याने गट लहान येतो, याची चाचणी आवश्यक. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच फैरी आठ, सहा आणि शेवटी चार सेकंदांत झाडायच्या असतात. तेथे धक्का कसा बसतो आणि माशी किती लवकर जागेवर येते, याला मोल आहे; म्हणून तोल आणि मुठीवरील खर्च तेथे अधिक योग्य ठरतो.

अमेरिकेत जुन्या लष्करी १९११ बनावटीच्या पिस्तुलांना कसबी कारागिराकडून ‘अचूक’ करून घेण्याची मोठी परंपरा आहे आणि तिच्याविषयी वाचून आपल्याकडील नवोदितही मोहात पडतात. तेथील कारण वेगळे. लष्करी पिस्तूल चिखलधुळीत चालावे म्हणून त्याचे भाग मुद्दाम सैल ठेवलेले असत. त्याने ५० यार्डांवरील सुमारे ८५ मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळात सातत्याने मारा करायचा, तर नळी आणि स्लाइड घट्ट बसविणे भाग होते. जे पिस्तूल जन्मतः सैल, त्याला घट्ट करण्यात फायदा; जे कारखान्यातूनच घट्ट येते, त्यात घट्ट करण्यासारखे उरत नाही.

कायद्याची चौकट

दहा मीटरच्या ४.५ मिलिमीटर एअर पिस्तुलाला विहित ऊर्जामर्यादेच्या आत परवाना लागत नाही. ०.२२ पिस्तुलाला १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना अनिवार्य आहे आणि परवानाधारक कारागिराशिवाय इतर कोणी अशा शस्त्राची दुरुस्ती किंवा फेरबदल करणे हा गुन्हा आहे. ‘ओळखीच्या लेथवाल्याकडून करून घेऊ’ हा विचार म्हणूनच काडतुसाच्या पिस्तुलाबाबत मनातही आणू नये. एअर पिस्तुलातील दाबाखालच्या भागांनाही अधिकृत सेवाकेंद्राबाहेर हात लावू नये. दुर्बीण किंवा लाल ठिपक्याची दर्शके ऑलिंपिक प्रकारांत चालत नाहीत, हेही खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे.

खर्चाचा क्रम

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाची मावळंकर स्पर्धा ही आजही अनेक नेमबाजांची राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची पायरी आहे. राज्य स्पर्धा, मावळंकर, राष्ट्रीय अशा मार्गावर निघालेल्या नाशिकच्या कुटुंबासाठी खर्चाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

१. सुरुवातीची काही महिने क्लबच्या पिस्तुलावर सराव. गुणवही पहिल्या दिवसापासून. छऱ्याशिवायचा कोरडा सराव रोज; त्याला खर्च नाही.

२. प्रशिक्षकाचे शुल्क आणि रेंजचा वेळ. हा खर्च कधीही कापू नये.

३. चांगल्या कंपनीचे, कागदपत्रे आणि सिलिंडरची मुदत तपासलेले पिस्तूल. वापरलेले असले तरी चालते.

४. मूठ, चापाची जुळवणी आणि नेत्रतपासणी.

५. छऱ्यांची चाचणी. दिवसाला शंभर फैरी आणि वर्षाला तीनशे दिवस सराव धरला, तर तीस हजार छर्रे लागतात, म्हणजे पाचशेचे साठ डबे. डब्याला हजार रुपये धरले तरी वर्षाचे साठ हजार. पिस्तूल एकदाच घ्यायचे असते, छर्रे दरवर्षी.

६. स्पर्धांचा प्रवास. पुणे दोनशेहून अधिक किलोमीटर, मुंबई दीडशेहून अधिक. अनोळखी रेंजवर, अनोळखी प्रकाशात झाडलेल्या साठ फैरी घरच्या रेंजवरील शेकडो फैरींना भारी पडतात.

७. नळीची हालचाल टिपून संगणकावर दाखविणारे प्रशिक्षणयंत्र, शक्यतो क्लबने सामाईक घेतलेले. चूक चापाची की नजरेची, हे ते दाखवून देते.

८. वरचे मॉडेल, इलेक्ट्रॉनिक चाप, दुसरे पिस्तूल. पात्रता गुण ५७० च्या पुढे स्थिरावले की हा विचार रास्त ठरतो.

या यादीत पिस्तुलाची ‘अचूकता’ आठव्या क्रमांकावर येते, याचे अनेक पालकांना नवल वाटेल. पण एक साधी कसोटी कोणालाही करता येते. अडकलेल्या नेमबाजाचे पिस्तूल प्रशिक्षकाच्या किंवा क्लबमधील वरिष्ठ खेळाडूच्या हाती द्यावे आणि दहा फैरी झाडायला सांगावे. त्याच्या हातून छर्रे दहाच्या आसपास जमले, तर पिस्तूल निर्दोष आहे आणि पैसे बँकेत राहू द्यावेत. त्याच्या हातूनही ते पसरले, तर आधी छर्रे बदलावेत, मग रबरी कडी तपासावीत. दुकानाची पायरी चढायची ती त्यानंतरच.